नागावचे केरूनाना : गणिताला मराठी बोलायला लावणारे अध्यापक

अलिबागच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला कुलाबा किल्ल्यात चालत कधी जाता येईल हे विचारावे लागत नाही. तो आधी तिथी आठवतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, ही रीत कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आली आहे. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, बाराच्या सुमारास, सुकती. अष्टमीच्या दुपारी किल्ल्याची वाट मोकळी असते ती यामुळे. ज्या कोळी बांधवाने कधी शाळेचा उंबरठा ओलांडला नाही, तोही हे गणित करतो आणि त्यावर आपली होडी व आपला जीव सोपवतो. तेव्हा गणित हे परक्या देशातून आलेले किंवा मूठभर विद्वानांच्या मालकीचे शास्त्र आहे, हा समज आपल्या किनाऱ्यावर तरी टिकू नये. प्रश्न एवढाच उरतो की, लोकांच्या अंगात मुरलेले हे गणित आणि महाविद्यालयात शिकवले जाणारे गणित या दोहोंत पूल कोणी बांधला?

महाराष्ट्रात हा पूल बांधण्याचा पहिला नेटाचा प्रयत्न ज्या पिढीने केला, त्या पिढीतील एक अग्रणी अलिबागपासून काही मैलांवरच्या नागाव या गावचे होते. केरो लक्ष्मण छत्रे हे त्यांचे नाव. महाराष्ट्र त्यांना केरूनाना म्हणून ओळखतो. आज त्यांचे नाव गणिताच्या इतिहासात रस असणाऱ्यांना ठाऊक असते, परंतु त्यांच्याच जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना ते क्वचितच ठाऊक असते. आपल्या शाळेच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र सांगावे असे वाटले, त्याला हे एक कारण आहे. दुसरे कारण अधिक खोल आहे. ज्ञान लोकांपर्यंत न्यावयाचे म्हणजे नेमके कोणत्या लोकांपर्यंत, हा प्रश्न केरूनानांच्या चरित्रात पदोपदी उभा राहतो, आणि आपल्यासारख्या समाजाला तो प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही.

जन्म आणि जडणघडण

केरूनानांचा जन्म १६ मे १८२५ रोजी नागाव येथे झाला. त्या वेळी हा मुलूख आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानात मोडत असे. नागाव हे अष्टागरातील गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, मागे डोंगर आणि पुढे समुद्र. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यामुळे त्यांना नातलगांच्या आश्रयाने मुंबईत यावे लागले. बाळमित्र आणि इसापनीती ही मराठीतील आरंभीची मुलांची पुस्तके लिहिणारे सदाशिव काशीनाथ छत्रे हे याच छत्रे घराण्यातील. पोरके झालेले कोकणातील मूल मुंबईत येते आणि तेथे शाळेचा आधार मिळाल्याने उभे राहते, ही कथा पुढील शंभर-दीडशे वर्षांत कितीतरी घरांत घडली. निवासी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना तिची वेगळी ओळख करून द्यावयास नको.

मुंबईत त्या काळी मराठी गणिताची पायाभरणी होऊन गेली होती. १८२० च्या दशकात जॉर्ज जार्व्हिस या लष्करी अभियंत्याने शास्त्र्यांच्या मदतीने हटन या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथांवरून मराठीत गणिताची पुस्तके तयार केली आणि ती शिळाप्रेसवर छापली गेली. त्यामुळे अंकगणित, बीजगणित, भूमिती हे विषय मराठीतून शिकता येतात हे सिद्ध झाले होते. पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये केरूनानांना दोन गुरू लाभले. एक बाळशास्त्री जांभेकर. दर्पण या पत्राचे संपादक म्हणून ते प्रसिद्ध असले तरी ते व्यवसायाने गणित शिकवणारे अध्यापक होते, आणि शास्त्रीय ज्ञान मराठीत आणण्यासाठी त्यांनी १८४० मध्ये दिग्दर्शन हे मासिक सुरू केले होते. दुसरे गुरू प्राध्यापक ऑर्लिबार. गणित आणि पदार्थविज्ञान शिकवता शिकवता ते मुंबईतील कुलाबा वेधशाळेचेही काम पाहत.

वेधशाळेतील अकरा वर्षे

१८४० मध्ये, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, केरूनाना कुलाबा वेधशाळेत ऑर्लिबारांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले. १८५१ पर्यंत त्यांचे आयुष्य या वेधशाळेशी बांधलेले होते. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी नियमितपणे घेण्यास आरंभ झाला. हवेचा दाब, उष्णतामान, पाऊस, वारा आणि चुंबकसूचीचे सूक्ष्म चलन यांची ठरलेल्या वेळी, दिवसा आणि रात्री, नोंद करीत राहणे हे तेथील काम. बाहेरून पाहणाऱ्याला ते कंटाळवाणे वाटेल. परंतु ज्याला आज आपण संख्याशास्त्र म्हणतो त्याची पहिली शिस्त याच कामात असते.

ही शिस्त कशी असते ते थोडक्यात पाहू. चुंबकसूचीची एक नोंद घेतली तर तिच्यातून फारसे काही कळत नाही. निरीक्षकाची नजर चुकलेली असू शकते, यंत्र थोडे हललेले असू शकते, त्या क्षणी काही अनपेक्षित घडलेले असू शकते. पण रोज त्याच वेळी घेतलेल्या शेकडो नोंदींची सरासरी काढली की लहानसहान चुका एकमेकींना बऱ्याच अंशी छेदतात आणि मागे लपलेला नियम वर येतो. एका पावसाळ्यावरून दुष्काळाचा किंवा सुकाळाचा निष्कर्ष काढता येत नाही, त्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी हव्यात. थोडक्यात, एका अनुभवावर विसंबू नये, अनुभव मोजावेत, मांडावेत आणि मग बोलावे. ही सवय पंधराव्या वर्षी अंगी लागलेला मनुष्य पुढे कोणत्याही ग्रंथासमोर डोळे मिटून मान तुकवील हे संभवत नव्हते. केरूनानांच्या पुढील आयुष्यातील मोठ्या वादाचे मूळ येथेच आहे.

या वेधशाळेच्या कथेचा शेवट आपल्या किनाऱ्यावर होतो, ही गोष्टही नोंदविण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहामुळे कुलाब्यातील नाजूक चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होते. म्हणून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली चुंबकीय निरीक्षणाचे काम अलिबागला हलविण्यात आले. १९०४ मध्ये येथील नोंदी सुरू झाल्या, आणि जुन्या व नव्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेतली गेली. अलिबागच्या वेधशाळेची इमारत चुंबकाला बाधा न आणणाऱ्या दगडाची आणि लोखंड टाळून बांधलेली आहे. आज हे काम ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, तिचे मुख्यालयही आपल्याच जिल्ह्यात पनवेल येथे आहे. नागावचा मुलगा ज्या विद्येसाठी मुंबईला गेला, ती विद्या साठ वर्षांनी त्याच्या गावाशेजारी येऊन वसली.

ज्ञानप्रसारक सभा

१८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून एक साहित्य व विज्ञानविषयक सभा स्थापन केली. तिच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे तिचे अध्यक्ष होते. महाविद्यालयात जे शिकलो ते महाविद्यालयाच्या भिंतींआड ठेवावयाचे नाही, आपल्या लोकांना आपल्या भाषेत सांगावयाचे, हा या सभेचा हेतू होता. मुंबई विद्यापीठ अजून नऊ वर्षे दूर होते. आज विद्यापीठे लोकांसाठी गणिताची व संख्याशास्त्राची शिबिरे, व्याख्याने, प्रदर्शने भरवितात. त्या प्रथेचा मराठीतील उगम शोधू गेल्यास तो या सभेपाशी सापडतो.

सभेचे स्वरूप साधे होते. सभासदाने एखाद्या विषयावर निबंध लिहून आणावा, तो सर्वांसमोर वाचावा आणि त्यावर चर्चा व्हावी. १८५० पासून मराठी ज्ञानप्रसारक हे मासिक निघू लागले आणि १८६७ पर्यंत ते चालले. त्यामुळे सभागृहात बसता न येणाऱ्या मराठी वाचकांपर्यंतही हे विषय पोहोचू लागले. याच मंडळींनी १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळाही काढल्या. केरूनाना या सभेचे एक महत्त्वाचे सभासद होते. हवा, भरती-ओहोटी, कालज्ञान अशा विषयांवर त्यांनी निबंध वाचले. विषयांची ही निवड पाहण्यासारखी आहे. या गोष्टी ऐकणाऱ्याच्या रोजच्या अनुभवातल्या होत्या. अनुभव त्याचाच, फक्त त्यामागचा हिशेब त्याला उलगडून दाखवावयाचा, ही लोकशिक्षणाची अचूक वाट केरूनानांना सापडली होती.

भरती-ओहोटीचाच विषय घ्या. लेखाच्या आरंभी सांगितलेली पाऊणपटीची रीत खरी का ठरते? चंद्र आकाशात रोज सूर्याच्या मागे पडत जातो. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत, म्हणजे तीस तिथींत, तो एक पूर्ण फेरा मागे पडतो. एका दिवसाची मिनिटे १४४०. त्यांना ३० ने भागले की ४८ येतात. म्हणून दर तिथीला भरती सरासरी ४८ मिनिटे, म्हणजे जुन्या मापाने दोन घटिका, उशिरा येते. पाऊणपटीच्या रीतीत ४८ ऐवजी ४५ मिनिटे धरली जातात, कारण पाऊण तास तोंडी हिशेबाला सोपा. दर तिथीला तीन मिनिटांची ही सूट पंधरवड्याच्या शेवटी पाऊण तासावर जाते, पण पौर्णिमा-अमावास्येला मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असल्याने चूक साचत नाही. सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत आले की दोघांचे आकर्षण एकत्र होऊन उधाण येते, आणि ते काटकोनात असले की भांगाची मंद भरती येते. कोळ्याची रीत आणि न्यूटनचा सिद्धांत यांत विरोध नाही. एकाने नियम पाहिला, दुसऱ्याने कारण शोधले. दोघांची गाठ घालून देणारा मधला माणूस मात्र हवा असतो.

तो मधला माणूस होण्यासाठी भाषा घडवावी लागते. गणिताचा इंग्रजी ग्रंथ वाचणे वेगळे आणि त्यातील कल्पना अशा मराठीत सांगणे वेगळे, की ऐकणाऱ्याला ती आपलीच वाटावी. जांभेकरांपासून केरूनानांपर्यंतच्या पिढीने हे काम केले. आज शाळेत आपण ज्या मराठी परिभाषेत गणित शिकवितो, ती एका दिवसात आकाशातून पडलेली नाही.

याच एल्फिन्स्टनमध्ये केरूनानांच्याच वयाचे, १८२५ सालीच जन्मलेले दादाभाई नौरोजी गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असत. गुजराती शाखेच्या ज्ञानप्रसारात ते अग्रभागी होते. पुढे त्यांनी गणिताची हीच शिस्त देशाच्या दारिद्र्याला लावली. १८७६ मध्ये मांडलेल्या निबंधात त्यांनी हिंदी माणसाचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढून दाखविले, आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार यापेक्षा अधिक खर्च करते हे आकड्यांनीच सिद्ध केले. राज्यकर्त्यांना आकड्यांना आकड्यांनीच उत्तर द्यावे लागले. गणिताचा अध्यापक लोकांचा वकील कसा होतो, याचा हा आपल्याकडील पहिला मोठा दाखला.

पुण्यातील अध्यापन

१८५१ मध्ये केरूनाना पुण्यास आले. विश्रामबागवाड्यातील जुन्या संस्कृत पाठशाळेचे रूपांतर होऊन नुकत्याच उभ्या राहिलेल्या पूना कॉलेजात त्यांनी गणित व पदार्थविज्ञान शिकविले. पुढे शाळाखात्यात आणि अभियांत्रिकी शिकविणाऱ्या संस्थेतही त्यांनी काम केले. पूना कॉलेजचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. तेथे ते गणिताचे प्राध्यापक झाले आणि काही काळ त्यांनी प्राचार्यपदाची धुराही वाहिली. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, कारण त्यांच्या शिक्षणाच्या काळात येथे विद्यापीठच नव्हते. पदवीविना पदवीधरांना शिकविणाऱ्या या प्राध्यापकाची विद्वत्ता सरकारलाही मान्य करावी लागली. १८७० च्या दशकात डेक्कन कॉलेजात शिकलेल्या बाळ गंगाधर टिळकांची गणिताची गोडी केरूनानांच्या हाताखाली वाढली. गोपाळ गणेश आगरकरही त्याच काळातील त्या महाविद्यालयाचे विद्यार्थी.

मोठ्या विद्यार्थ्यांना शिकविताना केरूनाना लहान मुलांना विसरले नाहीत. मराठी शाळांसाठी त्यांनी अंकगणिताचे आणि पदार्थविज्ञानशास्त्राचे पुस्तक लिहिले. महाविद्यालयातील प्राध्यापकाने प्राथमिक शाळेच्या मुलासाठी त्रैराशिक आणि व्याज सोपे करून लिहावे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. अध्यापनाच्या व्यवसायात आयुष्य घालविलेल्या कोणालाही ठाऊक असते की, कठीण गोष्ट कठीण करून सांगणे सोपे असते. सोपी करून, पण चूक न करता सांगणे हीच खरी परीक्षा.

पंचांगाचा वाद

केरूनानांचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे ग्रहसाधनाची कोष्टके हा १८६० मधील ग्रंथ आणि त्यावर आधारलेले नवे पंचांग. हा वाद समजण्यासाठी आपल्याच किनाऱ्यावर आणखी थोडे दक्षिणेस जावे लागते. मुरुडजवळच्या नांदगाव येथे सोळाव्या शतकात गणेश दैवज्ञ नावाचे ज्योतिषी होऊन गेले. त्यांनी शके १४४२, म्हणजे १५२० या आरंभवर्षापासून गणित मांडणारा ग्रहलाघव हा ग्रंथ रचला. ग्रहगणितातील ज्याचापांचा किचकट भाग गाळून आणि ४०१६ दिवसांच्या, म्हणजे सुमारे अकरा वर्षांच्या, चक्रात कालगणना बसवून त्यांनी आकडे लहान ठेवले. त्यामुळे गावोगावच्या पंचांगकर्त्याला गणित करणे सुलभ झाले. ग्रहलाघवाचा प्रसार महाराष्ट्राबाहेरही झाला आणि तीनशे वर्षांहून अधिक काळ त्यावर पंचांगे निघाली.

परंतु सोय आणि अचूकता यांत नेहमी देवाणघेवाण असते. सूत्रातील अतिशय लहान चूक दरवर्षी थोडी थोडी साठत जाते. भरतीच्या रीतीप्रमाणे येथे पंधरवड्याने मोजणी पुन्हा सुरू होत नाही, म्हणून तीन शतकांनी गणिताने येणारे ग्रहाचे स्थान आणि डोळ्यांना दिसणारे स्थान यांत फरक पडू लागतो. ग्रहण पंचांगात दिलेल्या वेळी लागत नाही. गणेश दैवज्ञांनी स्वतः वेध घेऊन आपल्या काळातील जुनी गणिते सुधारली होती. त्यांच्या नंतरच्यांनी मात्र त्यांचा ग्रंथ घेतला आणि वेध घेण्याची वृत्ती सोडली. केरूनानांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे ग्रहांची स्थाने नव्याने काढण्याची साधने मराठीत उपलब्ध करून दिली, आणि १८६५ च्या सुमारास आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने आकाशाशी जुळणारे पंचांग प्रसिद्ध होऊ लागले. पटवर्धनी पंचांग या नावाने ते ओळखले गेले.

राशिचक्राचा आरंभ कोठून मोजावा याबाबत त्यांनी रेवती नक्षत्रातील एक निश्चित तारा धरला. त्यामुळे त्यांच्या पंचांगात संक्रांत आणि कधी कधी अधिक महिनाही प्रचलित पंचांगांहून वेगळा येऊ लागला. लोकांनी ते सहजासहजी स्वीकारले नाही. पुढे टिळकांनी त्याचा पुरस्कार केला आणि टिळक पंचांग या नावाने ती परंपरा आजही चालू आहे.

आपण पंचांग पाहून मुहूर्त काढणारे लोक नाही. बाबासाहेबांनी आपल्याला त्या बंधनातून मुक्त केले आहे. तरीही या वादाकडे दुर्लक्ष करू नये. ग्रंथ एक सांगतो आणि आकाश दुसरे दाखविते, अशा वेळी ग्रंथ दुरुस्त करावयाचा, हा केरूनानांचा निर्णय होता. परंपरेने सांगितले म्हणून किंवा ग्रंथात लिहिले म्हणून एखादी गोष्ट मानू नये, स्वतः पारखून घ्यावी, ही तथागतांची शिकवण ज्यांना प्रमाण आहे त्यांना या निर्णयाचे मोल वेगळे सांगावयास नको. केरूनाना ही कसोटी ग्रहांना लावून थांबले. समाजरचनेला ती लावण्याचे काम इतरांनी केले.

दाराबाहेरचे लोक

येथे इतिहासाच्या अभ्यासकाला एक अप्रिय हिशेब मांडावाच लागतो. केरूनानांच्या ज्ञानाचा प्रसार ज्या लोकांपर्यंत झाला, ते लोक कोण होते? ज्ञानप्रसारक सभेचे सभासद, मासिकाचे वर्गणीदार, कॉलेजातील विद्यार्थी. यांत अस्पृश्य समाजाला जागा नव्हती. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो केवळ जातीमुळे नाकारला गेला. मुंबई सरकारनेही सवर्णांच्या रोषाला भिऊन त्याची बाजू घेतली नाही. ज्या वर्षांत पुण्यात केरूनाना गणित शिकवीत होते, त्याच वर्षांत त्याच शहरात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले महार-मांगांच्या मुलामुलींसाठी शाळा चालवीत होते. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने १८५५ मध्ये आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहून पेशवाईच्या स्मृतीत रमणाऱ्यांना निरुत्तर केले. एकाच शहरात दोन विद्यालये होती. एकात आकाश मोजले जात होते, दुसऱ्यात माणूस मोजला जावा म्हणून झगडा चालला होता. दोहोंच्या मध्ये जातीची भिंत होती.

याचा दोष एका व्यक्तीवर टाकणे न्यायाचे होणार नाही. परंतु ती भिंत होती हे न सांगणे हाही अन्यायच. ज्ञान मराठीत आले, पण प्रत्येक मराठी माणसाकडे आले नाही. आणि ज्याला हिशेब येत नाही त्याची लूट हिशेबानेच होते. आपल्या किनाऱ्यावर खोताचा वाटा, सावकाराचे व्याज आणि कबुलायतीवरचा अंगठा यांनी कुळांच्या पिढ्या खाल्ल्या. खोताच्या वहीत काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नव्हते, त्याला ते नाकारताही येत नव्हते. नागावपासून फार दूर नसलेल्या चरी गावी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेतकऱ्यांनी जमीन न कसता संप केला. नारायण नागू पाटील त्याचे नेते होते, आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या परिषदेस आले होते. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले.

बाबासाहेबांच्या हाती तर आकडा हे शस्त्रच होते. १९१८ मध्ये त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिले, तेव्हा केवळ तुकड्यांच्या आकाराकडे न पाहता जमीन, श्रम आणि भांडवल यांच्या प्रमाणाकडे पाहावे असे दाखविले. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न लोकसंख्येच्या व मतदारांच्या आकड्यांनी मांडला. १९२३ मध्ये रुपयाचा प्रश्न आणि १९२५ मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती हे त्यांचे ग्रंथ निघाले, तेही आकडेवारीवरच उभे आहेत. ज्या एल्फिन्स्टनमध्ये केरूनाना घडले, त्याच परंपरेतील एल्फिन्स्टन कॉलेजातून बाबासाहेब १९१२-१३ च्या सुमारास पदवीधर झाले. भिंतीत पडलेली ती पहिली मोठी खिंड. तिच्यातून एकटा मनुष्य आत गेला आणि बाहेर येताना त्याने संपूर्ण समाजासाठी दार उघडले.

उत्तरायुष्य आणि वारसा

१८७७ मध्ये सरकारने केरूनानांना रावबहादूर ही पदवी दिली. १८७९ मध्ये ते सेवानिवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी वेधशाळा, महाविद्यालय, सभा, मासिक, पाठ्यपुस्तक आणि पंचांग अशा सहा वाटांनी गणित लोकांकडे नेले.

त्यांच्यानंतर हे काम थांबले नाही. १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा राहिला. १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले आणि गरीब वस्त्यांतील शाळांमधील मुले विज्ञान व गणितात मागे का पडतात याचा त्याने शोध घेतला. १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन झाले. २००७ पासून प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा २९ जून हा जन्मदिवस देशभर सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. विद्यापीठाने लोकांकडे यावे, ही अपेक्षा आता मान्य झाली आहे. ती प्रत्येक वाडीपर्यंत पोहोचली आहे असे मात्र म्हणता येणार नाही.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक नम्र विनंती. आपल्या मुलाला, आणि विशेषतः मुलीला, गणित जमत नाही असे म्हणून तो विषय सोडू देऊ नका. कर्जाचा हप्ता, जमिनीचा मोबदला, राखीव जागांची टक्केवारी, जनगणनेतील आपली संख्या, वर्तमानपत्रातील सर्वेक्षणाचा निष्कर्ष, हे सारे ज्याला तपासता येते त्याला कोणी सहज फसवू शकत नाही. तपासता येत नसेल तर आपल्याविषयीचा निर्णय दुसराच कोणी आकडेमोड करून घेतो. जे माजी विद्यार्थी आज अभियंते, बँक कर्मचारी, अध्यापक, लेखापाल आहेत, त्यांनी वर्षातून एखादा दिवस आपल्या वस्तीतील मुलांना त्यांच्या भाषेत, त्यांच्याच अनुभवातला हिशेब उलगडून दाखवावा. भरतीची वेळ, बचत गटाचे व्याज, शेताचे क्षेत्रफळ, पावसाची सरासरी, विषय पाहिजे तेवढे आहेत. नागावच्या केरूनानांनी तेच केले. त्यांच्या काळात जे दार अर्धेच उघडले होते, ते पूर्ण उघडे ठेवण्याची जबाबदारी आता त्या दारातून आत आलेल्या आपणा सर्वांची आहे.